चित्राखालच्या दोन ओळी

प्रिय मुली,

सहकाऱ्याचे वडील गेले आणि सांत्वनाच्या निरोपात तू 'किक्ड द बकेट' (म्हणजे 'मेले', तेही थट्टेच्या सुरात) लिहिलंस, हे वाचून कपाळाला हात लावला. आधी त्याला भेट. 'आय ॲम सो सॉरी अबाउट युअर फादर' एवढंच म्हण. खुलासे देत बसू नकोस.

पण 'आता कार्टूनवरून इंग्रजी वाक्प्रचार शिकणं बंद' हे तुझं वाक्य मला मुळीच पटलं नाही. बादलीला लाथ मारणारा तो टकलू गडी तुझ्या डोक्यात पक्का बसलाय ना? मग चित्राने त्याचं काम चोख केलं. चित्र लक्षात ठेवायला मदत करतं. कोण, कोणाला, केव्हा म्हणतं, हे त्यात नसतं. ते तू शोधायचं होतंस.

पीटर ब्रॉयगल या चित्रकाराने १५५९ साली शंभरावर डच म्हणी एकाच चित्रात शब्दशः रंगवल्या. ते चित्र आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. त्यात एकजण मेंढी कातरतोय, शेजारचा चक्क डुक्कर. कोणी भिंतीवर डोकं आपटतंय. बघणाऱ्यांना त्या म्हणी आधीच तोंडपाठ, म्हणून खरी मजा त्यांची. तुझं उलटं चाललंय. तू आधी चित्र बघतेस. आभाळातून पडणाऱ्या कुत्र्या-मांजरांना हसतेस, पण 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' (म्हणजे धो धो पाऊस) आजच्या बोलण्यात बऱ्याच जणांना जुनाट वाटतं, याचा तुला पत्ता नसतो.

'ब्रेक अ लेग' घे. चित्रात प्लास्टर घातलेला नट हमखास असतो. रंगमंचावर निघालेल्याला शुभेच्छा म्हणून विंगेत म्हणायचं ते. ऑपरेशनला निघालेल्याला म्हणून बघ! 'अंडर द वेदर' किरकोळ बरं नसताना चालतं, अतिदक्षता विभागातल्या माणसाबद्दल नाही. कोण, कोणाला, केव्हा. मी हे पुन्हा पुन्हा सांगणार, कंटाळलीस तरी.

आणखी एक खोच आहे. 'द बीन्स वेअर स्पिल्ड' म्हटलं तरी गुपित फुटल्याचं कळतं. 'द बकेट वॉज किक्ड' म्हटलंस की कोणी मेलं नाही, नुसती बादली कलंडली. पहिल्यात बीन्स म्हणजे गुपित आणि सांडणं म्हणजे फोडणं, असा तुकड्या-तुकड्यांना अर्थ लागतो, म्हणून वाक्य फिरवता येतं. बादलीला तसा सुटा अर्थच नाही. कार्टूनमध्ये मात्र सांडलेले दाणे आणि लाथाडलेली बादली सारख्याच थाटात दिसतात. म्हणून वाक्यही जसं ऐकलंस तसंच उचल. स्वतः रचू नकोस, निदान इतक्यात तरी.

वाक्प्रचारांच्या चित्रांचं एक पुस्तक मी केलं होतं. प्रत्येक चित्राखाली दोन ओळींचा संवाद. 'किक द बकेट'च्या चित्राखाली दोन शेजारी बोलत होते, विषय एकाची जुनी खटारा मोटार. ती एकदाची बंद पडली, असं तो हसत सांगतो. बस, एवढंच. प्रकाशकाने संवाद उडवले, चित्रं मोठी केली. म्हणे, पोरांना वाचायचा कंटाळा असतो. मी माझं नाव काढायला लावलं. पुस्तक खपलं आणि मी हेकट ठरलो. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. त्या ओळी लिहायला मला चित्रकाराहून जास्त वेळ लागला होता. पण तूच सांग, ती मोटार तुझ्या वाचनात आली असती तर तो निरोप तू पाठवला असतास का? मग हेकट तर हेकट.

तेव्हा वही काढ. चित्र स्वतःच काढ, वेडंवाकडं असलं तरी चालेल. खाली संवाद लिही, मुलाखतीत किंवा मालिकेत प्रत्यक्ष कानावर आलेला. बोलणाऱ्यांचं नातं लिही. थट्टा होती की वैताग, तेही लिही. पानभर यादी एका बैठकीत उरकायची नाही. आणि शिकलीस म्हणून लगेच वापरायची घाईही नको. समोरच्याने म्हटलेलं कळणं हेच बरेच दिवस पुरेसं असतं. निबंधात वाक्प्रचार ठासून भरणाऱ्यांचे मी मार्क कापायचो आणि त्याबद्दल मला अजिबात पश्चात्ताप नाही.

पहिली दहा पानं झाली की वही पाठव. चित्र सुबक आणि खाली कोरं असलेलं पान मी न तपासता परत करीन.

तुझा,
सर