‘संपूर्ण हलाल पॅकेज’ घेतलं, पण...

प्रश्न : वकीलताई, आम्ही चौघांनी गावातल्या एजंटाकडून क्वालालंपूर-लंकावीचं ‘संपूर्ण हलाल पॅकेज’ घेतलं. १ लाख ९० हजार भरले. हॉटेलात खाली बार होता आणि नाश्त्याच्या हॉलमध्ये हलालचं प्रमाणपत्र कुठेच दिसलं नाही. सासूबाईंनी पाच दिवस फळं आणि घरून नेलेल्या चिवड्यावर काढले. एजंट म्हणतो, ‘मलेशियात सगळं हलालच असतं.’ तक्रार करता येईल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, करता येईल. एजंटाचं म्हणणं साफ चूक आहे. मलेशियात २०११च्या व्यापारवर्णन कायद्याखाली निघालेल्या आदेशांनुसार जाकिम (तिथला सरकारी इस्लामी विभाग) किंवा राज्यांच्या धार्मिक संस्थांचं प्रमाणपत्र नसेल, तर अन्नाला ‘हलाल’ म्हणणं गुन्हा आहे. ‘पोर्क नाही’ ही पाटी म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

मात्र हे प्रमाणपत्र स्वयंपाकघराला मिळतं, अख्ख्या हॉटेलाला नाही. मी तिथे राहिले होते त्या हॉटेलात रेस्टॉरंटच्या दाराशी ते फ्रेम करून लावलेलं होतं आणि वरच्या मजल्यावर बार चालू होता. म्हणून नुसत्या बारवर भर देऊ नका. मुस्लिम पाहुण्यांना सोयीच्या हॉटेल-सेवांसाठी एमएस २६१० हे मलेशियाचं मानक २०१५ मध्ये आलं, पण ते ऐच्छिक आहे. तुमची खरी बाजू दोन गोष्टींवर उभी आहे : नाश्त्याचं स्वयंपाकघर आणि जाहिरातीतला ‘संपूर्ण’ हा शब्द.

आपल्याकडे हलाल पर्यटनाचा वेगळा कायदा नाही, त्याची गरजही नाही. दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतली त्रुटी, दोन्ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये येतात. मलेशियातल्या हॉटेलमागे धावू नका, पैसे घेतले त्या एजंटाला धरा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत तक्रार द्या. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

आधी हॉटेलचं नाव जाकिमच्या संकेतस्थळावर शोधा आणि काय दिसतं त्याची छापील प्रत काढा. जाहिरात, पावती, एजंटाचे व्हॉट्सअॅपवरचे निरोप जपा. मग लेखी नोटीस द्या. सासूबाईंचे ते पाच दिवस मानसिक त्रासाच्या भरपाईत जरूर लिहा. त्यांनी काय खाल्लं, काय नाकारलं, हे त्यांच्याच शब्दांत प्रतिज्ञापत्रावर घ्या.