‘सिटी ऑफ द डेड’: ७६ मिनिटांची डिस्क पुरी की ७५ मिनिटांची?

प्रश्न (पुणे): माझ्याकडे ‘हॉरर हॉटेल’ या नावाची अमेरिकन डीव्हीडी आहे, ७६ मिनिटांची. मित्राकडे तोच सिनेमा ‘द सिटी ऑफ द डेड’ या नावाने आहे. त्याची ब्रिटिश डीव्हीडी ७५ मिनिटांची. म्हणजे माझीच प्रत जास्त पुरी, बरोबर?

उत्तर: उलट आहे. मित्राची प्रत पुरी आहे आणि कात्री लागलीय ती तुमच्या प्रतीला.

मूळ ब्रिटिश भयपट (१९६०) ७८ मिनिटांचा. अमेरिकेत नाव बदललं आणि दोनेक मिनिटं काढली. आता गोम अशी, की सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो आणि ब्रिटनची (आपलीही) ‘पाल’ ही टीव्हीची पद्धत २५ चौकटींची. डीव्हीडी करताना सिनेमा सरळ चार टक्के वेगाने पळवतात, त्यामुळे ७८ मिनिटं ७५ मध्ये संपतात. ‘एनटीएससी’ या अमेरिकन टीव्ही पद्धतीच्या डिस्कवर आणि ब्लू-रेवर मूळ वेळ तशीच राहते. थोडक्यात, ब्लू-रेवर ७८ किंवा पाल डीव्हीडीवर ७५ दिसलं तर प्रत पुरी. एनटीएससीवर ७६ किंवा पालवर ७३ दिसलं तर कापलेली.

खोक्यावरच्या आकड्यांवर फार विसंबू नका, ते बऱ्याचदा दुसरीकडून उचललेले असतात. सुरुवातच पाहा. १६९२ साल, व्हाइटवुड गाव, एलिझाबेथ सेल्विनला चेटकीण म्हणून जाळतायत. तिथे सैतानाशी होणाऱ्या कराराचे संवाद ऐकू आले तर प्रत ब्रिटिश. अमेरिकन प्रतीत नेमके तेच उडवलेत, आणि पुढच्या सगळ्या कथेचं कारण तर त्यातच आहे!

पाल डीव्हीडीत दोष एकच. आवाज दुरुस्त केला नसेल तर वेगाबरोबर तोही चढतो: काळी एकचा स्वर पांढरी दोनच्या दिशेने पाऊणएक वाट सरकतो. यातला नट ख्रिस्तोफर ली, त्याच्या खर्जाचं त्यात नुकसान होतं. म्हणून जमल्यास ब्लू-रेच घ्या. ब्रिटनमध्ये अॅरो कंपनीने आणि अमेरिकेत व्हीसीआय कंपनीने काढली आहे. मात्र खोक्यामागच्या षटकोनातलं विभागाचं अक्षर पाहून घ्या, ते प्लेअरशी जुळायला हवं: अमेरिका ए, ब्रिटन बी, आपण सी. डीव्हीडी प्लेअरचं विभागाचं कुलूप बरेचदा रिमोटवरून उघडता येतं, ब्लू-रेचं सहसा नाही.

प्रश्न (ठाणे): याच सिनेमात धुक्याच्या दृश्यांत चौकोनी ठोकळे दिसतात. टीव्ही बिघडलाय का?

उत्तर: टीव्ही ठीक असावा. सिनेमाची कथा अमेरिकेतली असली तरी चित्रीकरण इंग्लंडमध्ये, शेपर्टन स्टुडिओत झालं. डेस्मंड डिकिन्सनचा कॅमेरा (१९४८चा ‘हॅम्लेट’ही त्याचाच) जवळपास प्रत्येक बाह्यदृश्यात धुक्यातून फिरतो. हलतं धूर-धुकं म्हणजे डीव्हीडीच्या एमपेग-२ ला (चित्र दाबून साठवायच्या पद्धतीला) डोकेदुखी, कारण प्रत्येक चौकट आधीच्या चौकटीहून वेगळी. अमेरिकेत हा सिनेमा स्वामित्वहक्काबाहेर असल्याने कुणीही छापतं, आणि स्वस्त संचांत एकाच ४.७ जीबी डिस्कवर चार-चार सिनेमे कोंबतात. मग सेकंदाला दोन मेगाबिटच्या आसपासच वाटणीला येतात. एकटा सिनेमा असता तर आठ मिळाले असते. गेलेला तपशील कुठल्याही सेटिंगने परत येत नाही.

तरी एवढं करा: चित्राचा मोड ‘सिनेमा’ ठेवा, शार्पनेस अगदी खाली आणा (ठोकळ्यांच्या कडा तोच उठवतो), डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि मोशन स्मूदिंग बंद. नॉइज रिडक्शन डीव्हीडीला ‘लो’ चालेल, ब्लू-रेला नको; तिथे ते धुकंच पुसून टाकतं. चित्र ४:३ मध्ये भरलेलं दिसलं तर ती जुनी प्रत. रुंदी-उंचीचं योग्य प्रमाण १.६६:१, म्हणजे रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना बारीक काळ्या पट्ट्या हव्यात.

प्रश्न (रत्नागिरी): याची जुनी व्हीएचएस कॅसेट सापडली. खिडकीतून टेपवर पांढरं काहीतरी दिसतं. लावून पाहू का?

उत्तर: अजिबात नको. ती बुरशी आहे. व्हीसीआरच्या ड्रमला (टेप वाचणाऱ्या फिरत्या भागाला) लागली की पुढची प्रत्येक कॅसेट खराब करेल. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत दोन-तीन आठवडे ठेवा. ऊन किंवा हेअर ड्रायर नको, टेप आक्रसते. बुरशी कोरडी, भुकटीसारखी झाली की घराबाहेर, एन-९५ मास्क लावून, खालचे पाच स्क्रू काढा. आधी टेपच्या वाटेचा फोटो घ्या. रिळांच्या कडा मऊ ब्रशने आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, मग रिळं दुसऱ्या स्वच्छ कॅसेटच्या खोक्यात बसवा.

पण या सिनेमासाठी एवढा खटाटोप करू नका, ब्लू-रे कितीतरी सरस आहे. कॅसेटवर घरातलं लग्न असतं तर गोष्ट वेगळी.

प्रश्न (नाशिक): हा हॅमरचा (भयपटांसाठी प्रसिद्ध ब्रिटिश कंपनीचा) सिनेमा ना?

उत्तर: नाही, व्हल्कन प्रॉडक्शन्सचा. मागे होते मिल्टन सबॉट्स्की आणि मॅक्स रोझेनबर्ग, ज्यांनी पुढे अमिकस ही भयपटांची कंपनी काढली. ली हॅमरच्या भयपटांतला ओळखीचा चेहरा, त्यामुळे घोटाळा होतो, पण इथे तो थोडाच वेळ दिसतो. पोस्टरवर मात्र भरपूर.