गाऱ्हाण्यात आलेलं बाळ

गणपती झाले, चाकरमानी मुंबईला परतले, की कणकवलीत माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांची एक तक्रार हमखास असते: "मॅडम, घरची माणसं फार भोचक आहेत. त्यांना उत्तर काय द्यायचं?"

देवगडकडची एक सून हेच विचारत आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वय 31, लग्नाला तीन वर्षं. आरतीला जमलेल्या बायांत कुणी ना कुणी विचारायचंच, "काय गो, पाळणो कधी हलतलो?" ती बिचारी कारणं द्यायची: नोकरी, भाड्याची खोली. प्रत्येक कारणावर पुढचा सल्ला तयार. कहर म्हणजे काकासासऱ्यांनी तिला न विचारता गणपतीपुढच्या गाऱ्हाण्यात, म्हणजे घरासाठी देवाकडे मोठ्याने केलेल्या मागणीत, तिच्यासाठी मूल मागितलं आणि अख्खं घर ओरडलं, "होय म्हाराजा!"

"नवरा कुठे होता?"

"तोच सगळ्यात मोठ्याने ओरडला."

काकासासरे राहिले बाजूला. पुढच्या वेळी दोघांना बोलावलं. "मोठ्यांना उलट कसं बोलू?" तो म्हणाला. मी म्हटलं, माणसं तुमची, तेव्हा बोलायचंही तुम्हीच. एकच वाक्य: "काका, तो विषय आमच्याकडे राहूंदे." पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच, हसून. कारण मात्र द्यायचं नाही. कारण दिलं की ते खोडायला माणसं सरसावतात. माझ्यासमोर ते वाक्य म्हणून बघताना पहिल्या दोन वेळा तो "काका" वरच अडला.

आणि सगळ्यांना एका माळेत ओवू नये. तिच्या सासूने एकदाच, चुलीपाशी, कुणी नसताना विचारलं होतं आणि पुन्हा विषय काढला नव्हता. भोचक माणूस चारचौघांत विचारतो, आणि दिलेलं उत्तर संध्याकाळपर्यंत वाडीभर झालेलं असतं. सासूशी मोकळं बोलायला हरकत नव्हती.

बोलता बोलता कळलं, दीड वर्षं प्रयत्न चालू होते. वर्षभरात दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरांना भेटावं. बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांनीच. आणि तपासणी दोघांची. पुरुषाची वीर्यतपासणी तर सोपी, सुरुवातीलाच करायची. इथे तिच्या दोन सोनोग्राफी झालेल्या, त्याची एकही तपासणी नाही. हे त्याला कुणीच सुचवलं नव्हतं. पाळण्याचा प्रश्नही त्याला कुणी विचारत नव्हतं म्हणा.

महिन्याभराने तो तपासणी करून आला. "रिपोर्टचं गावी सांगायचं काय?" त्याने मला विचारलं.

उत्तर तिने दिलं, "आईंना सांगूया. बाकी कुणी विचारलं तर वाक्य तुला पाठ आहेच."