पाहुणे आले की मुलगा गप्प होतो, आमचा धाक जास्त झालाय का?

ताई, तुमचा साडेचार वर्षांचा मुलगा घरात बडबड्या आहे, पण पाहुणे आले की तुमच्या मागे लपतो. सासरे म्हणतात लाडावलाय, मिस्टर म्हणतात धाक जास्त झाला. खरं कोणाचं, असं तुम्ही विचारलंय.

मी अमळनेर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. नवख्या माणसापुढे मूल गप्प राहिलं म्हणजे त्याच्यात आत्मविश्वास नाही, असं मी मानत नाही. काही मुलं सावकाशच खुलतात. मी दुसरंच बघते. खिचडीच्या वेळी पेला लवंडला की एखादं पोर उठून फडकं आणतं. दुसरं जागीच थिजतं, हात पाठीमागे घेतं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतं. घरचं वळण मला तिथे दिसतं.

धाक आणि लाड यांच्या पलीकडेही एक रीत आहे. डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात तिकडच्या बालवाडीच्या वयाच्या मुलांचा अभ्यास करून ती मांडली: नियम पक्के, पण त्यामागचं कारण सांगायचं आणि मुलाचंही ऐकून घ्यायचं. अशा घरातली मुलं जास्त स्वावलंबी दिसली. नुसत्या धाकातलं मूल सांगितलेलं करतं, आपणहून काही करायला घाबरतं. आणि अति लाडात तर आजीच भरवते, आईच बटणं लावते. ‘मी केलं’ म्हणायला पोराच्या वाट्याला काही उरतच नाही.

आपल्या खान्देशात आणखी एक होतं, त्याने माझा जीव तुटतो. पोर घरच्या अहिराणी बोलीत ‘माले पानी दे’ म्हणालं की मोठी माणसं हसतात, ‘नीट बोल’ म्हणतात. दोन-चारदा असं झालं की ते पाणी मागायचंच सोडतं. आधी पाणी द्या हो! मराठी ते ऐकून ऐकून शिकेलच.

तुमच्या मुलाला पाहुण्यांपुढे ‘कविता म्हणून दाखव’ म्हणू नका. ‘आमचा लाजाळू आहे’ हे त्याच्यादेखत तर नकोच. पाण्याचा ग्लास नेऊन द्यायला सांगा. थोडं सांडलं तर फडकं त्याच्याच हातात द्या, न रागावता. आजोबांनाही हे समजावून सांगा, कारण एकाने रागवायचं आणि दुसऱ्याने पाठीशी घालायचं यात पोर गोंधळतं.

शाळेतही महिनाभराहून जास्त काळ तो कोणाशीच बोलत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.