वाचक विचारतात: हळू खेळून जिंकता येतं का?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवर लिहिताना मी आमच्या शार्लट्सव्हिल गावातल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संघाबद्दल एकच वाक्य लिहिलं होतं: 2019 साली हा संघ देशात सगळ्यांत संथ खेळत होता, आणि तोच विजेता ठरला. त्या वाक्यावर बरीच पत्रं आली. काहींना नवल वाटलं, काहींना राग आला. निवडक प्रश्न घेते. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

नागपाडा, मुंबई: ताई, आमच्याकडे लहानपणापासून धावत खेळायला शिकवतात. बॉल हातात धरून घड्याळ संपवणं हा भित्रेपणा नाही का?

नागपाड्याहून हाच प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं! नाही, भित्रेपणा नाही. कंटाळवाणा मात्र असू शकतो, हे कबूल. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये शॉट क्लॉक, म्हणजे बॉल मिळाल्यावर शॉट टाकायची मुदत, 30 सेकंदांचं असतं आणि व्हर्जिनियाची पोरं त्यातले पंचवीसेक सेकंद सहज वापरायची. 2018-19 च्या मोसमात पहिल्या विभागात, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यांत वरच्या श्रेणीत, 353 संघ होते. केनपॉम या आकडेवारीच्या संकेतस्थळावर वेगाच्या यादीत व्हर्जिनिया 353 वी. एका सामन्यात साधारण 60 पझेशन, म्हणजे बॉल ताब्यात घेऊन आक्रमणाच्या 60 खेपा. पण तिथंच दर पझेशनला किती पॉइंट काढले हे पाहिलं तर हाच संघ देशात दुसरा. आळशी संघाला हे जमत नाही.

सातारा: व्हर्जिनियाचा पॅक-लाइन डिफेन्स म्हणजे झोनच ना? आणि तो आला कुठून?

झोन (जागा वाटून घेऊन अडवणं) नाही, मॅन-टू-मॅनच (एकानं एकाला अडवणं) आहे, फक्त दिसतो झोनसारखा. बास्केटपासून साधारण 16 फुटांवर एक कमान आखली आहे असं समजा. ज्याच्या माणसाकडे बॉल आहे त्या एकानं कमानीबाहेर जाऊन त्याच्या अंगाला भिडायचं. बाकीच्या चौघांनी आपापल्या माणसावर नजर ठेवून कमानीच्या आत उभं राहायचं. ड्रिबल करत आत घुसू पाहणाऱ्याला दोन खेळाडूंमधली फट मिळत नाही. तो बेसलाइनकडून, म्हणजे बास्केटमागच्या रेषेच्या बाजूनं, निघाला तर त्याला अडवून मधे वळवायचं, कारण मदत मधे उभी असते. पास बाहेर गेला की ज्याचा माणूस त्यानं धावत बाहेर यायचं, शेवटची पावलं आखूड टाकायची, हात वर ठेवायचा. याला क्लोज-आउट म्हणतात, आणि सगळं त्यावर अवलंबून असतं. उशीर झाला तर समोरचा टाकतो, फार जोरात आलात तर तो बाजूनं निघून जातो.

दुसरं कलम असं, की आपला शॉट चुकला तर रिबाउंडसाठी, म्हणजे उसळून आलेल्या बॉलसाठी, झुंबड करायची नाही, मागं पळायचं. फास्ट ब्रेक, म्हणजे बचाव परतायच्या आत झटपट हल्ला, द्यायचाच नाही. सोपे लेअप (बास्केटखालून टाकलेले शॉट) बंद झाले की समोरच्यालाही तुमच्याच वेगानं खेळावं लागतं.

ही पद्धत डिक बेनेट यांची. त्यांनी विस्कॉन्सिनचा संघ 2000 साली फायनल फोरपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत, नेला होता. त्यांचा मुलगा टोनी बेनेट 2009 मध्ये इकडे कोच म्हणून आला आणि तीच पद्धत घेऊन आला.

सांगली: तुमचं वर्णन वाचून कबड्डीची साखळी आठवली. चूक की बरोबर?

अर्धं बरोबर. रेड 30 सेकंदांची, इथलं शॉट क्लॉकही 30 सेकंदांचं, आणि घाई करणारा बचावपटूच सापडतो, इथपर्यंत जुळतं. पण रेडरला गुण हवा असेल तर तुमच्यापर्यंत यावंच लागतं. इथं समोरचा आत न येता लांबच्या रेषेबाहेरून (2019 मध्ये ती पावणेएकवीस फुटांवर होती) बॉल टाकून तीन पॉइंट घेतो. पॅक-लाइन आतला दरवाजा बंद करते त्याची किंमत ही. ज्या दिवशी समोरच्याचा हात लागलेला असतो त्या दिवशी ती किंमत पुरेपूर मोजावी लागते.

9 फेब्रुवारी 2019 चा ड्यूक विद्यापीठाविरुद्धचा सामना बघा. झायन विल्यमसन आणि आर. जे. बॅरेटचा तो संघ लांबून टाकण्यात यथातथाच होता. त्यांना बाहेर ठेवा, आत येऊ देऊ नका, हा हिशेब कागदावर अगदी योग्य होता. त्या दिवशी ड्यूकनं 21 पैकी 13 थ्री-पॉइंटर टाकले आणि आमच्याच घरात 81-71 नं जिंकले. गावात दुसऱ्या दिवशी सगळे बचावाला नावं ठेवत होते. माझं मत तेव्हाही वेगळं होतं आणि आजही आहे: बॅरेटला आत घुसू देण्यापेक्षा तो सौदा बराच होता.

औरंगाबाद: 2018 मध्ये पहिल्या क्रमांकाचा संघ सोळाव्याकडून हरला तो हाच ना? असं कसं झालं?

हाच. आधी थोडी पार्श्वभूमी. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत 68 संघ असतात, चार विभाग, प्रत्येकात 1 ते 16 मानांकन, आणि एक सामना हरलात की घरी. पुरुषांच्या स्पर्धेत तोपर्यंत पहिलं मानांकन सोळाव्याविरुद्ध 135 वेळा खेळलं होतं आणि 135 वेळा जिंकलं होतं. व्हर्जिनिया 31 विजय आणि 2 पराभव घेऊन आली होती, चारही विभागांत मिळून अव्वल. समोर मेरीलँड राज्यातल्या एका विद्यापीठाचा संघ, यूएमबीसी. 16 मार्च 2018, शार्लट. निकाल 74-54, आणि जिंकले ते.

हाफ टाइमला 21-21 होतं. बरोबरी असूनही मला धोका दिसला तो इथं. व्हर्जिनिया मोसमभर सामन्याला साधारण 54 पॉइंट देत होती. यूएमबीसीनं एकट्या दुसऱ्या हाफमध्ये 53 काढले. जेरस लाइल्सचे एकूण 28. त्यांचे थ्री-पॉइंटर 24 पैकी 12, आमचे 22 पैकी 4.

लोक म्हणाले, दडपण आलं. आलं असेल. पण मी दोन गोष्टींकडे बोट दाखवीन. पहिली, डिआंड्रे हंटर. स्पर्धेच्या तोंडावर त्याचं डावं मनगट मोडलं. सहा फूट सात इंचांचा हा पोरगा चपळ गार्डलाही अडवायचा आणि उंच सेंटरलाही. तो नसला की क्लोज-आउटला पोचणारा सगळ्यांत लांब हात नसतो. दुसरी गोष्ट साध्या गणिताची. समजा तुम्ही दर शंभर पझेशनमागे समोरच्यापेक्षा 20 पॉइंटांनी सरस आहात. 75 पझेशनचा सामना झाला तर तुमची अपेक्षित आघाडी 15 ची, 60 चा झाला तर 12 ची. समोरच्यानं नेहमीपेक्षा चार थ्री-पॉइंटर जास्त टाकले की 12 संपले. संथ खेळणारा बलाढ्य संघ स्वतःच दुबळ्याला जवळ राहू देतो. आणि एकदा पंधरानं मागं पडल्यावर, वर्षभर ज्यांनी घाई केलीच नाही त्यांना ती ऐनवेळी कुठून येणार? यूएमबीसीच्या गार्डना हे नेमकं कळलं होतं. ते कमानीशी झुंजत बसले नाहीत, बचाव मांडला जायच्या आत उठून टाकत राहिले.

जाता जाता: 1982 साली राल्फ सॅम्पसन या खेळाडूची अव्वल व्हर्जिनिया होनोलुलूत शमिनाड नावाच्या चिमुकल्या कॉलेजकडून 77-72 नं हरली होती. आमच्या विद्यापीठाला या प्रकाराची परंपराच आहे म्हणायची.

ठाणे: मग एका वर्षात बदललं काय?

बचावात जवळजवळ काही नाही. बदललं ते आक्रमण, आणि याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही.

बेनेटची जुनी पद्धत मूव्हर-ब्लॉकर. दोन उंच खेळाडू ब्लॉकर. त्यांनी फक्त बचाव करणाऱ्याच्या वाटेत आडवं उभं राहायचं, याला स्क्रीन म्हणतात. तिघे मूव्हर, त्यांनी त्या स्क्रीनभोवती पळत राहायचं, शॉट मोकळा होईपर्यंत. काइल गायसारख्या नेमबाजाला ही पद्धत सोन्यासारखी, पण त्यात बॉल घेऊन आत घुसणारा कमी पडतो. 2018-19 मध्ये तिच्या जोडीला बॉल-स्क्रीनची साखळी भरपूर वापरली गेली. एका बाजूला बॉलवाल्याला स्क्रीन, जमलं तर आत, नाही जमलं तर बॉल दुसऱ्या बाजूला आणि तिथं पुन्हा स्क्रीन. टाय जेरोमच्या हातात निर्णय आले. तो फार वेगवान नव्हता. थांबून थांबून खेळायचा, बचाव करणाऱ्याला आपल्या पाठीवर अडकवून ठेवायचा. हंटर बरा होऊन परतला होता. गाय, जेरोम, हंटर तिघेही लांबून शंभरात चाळीसच्या आसपास टाकणारे. एकाकडे मदत धावली की दुसरा मोकळा.

भर पडली ती पाच फूट नऊ इंचांच्या किहाय क्लार्कची. पहिल्याच वर्षाचं पोर, पण पूर्ण कोर्टभर समोरच्या पॉइंट गार्डच्या छाताडावर. समोरच्याला आक्रमण सुरू करायलाच सात-आठ सेकंद जायचे. आत न्यूझीलंडचा जॅक सॉल्ट, गिनीचा मामादी डियाकिटे, सात फुटी जे हफ. सॉल्ट पॉइंट काढायचा नाही, पण त्याचा स्क्रीन म्हणजे भिंत.

मोसम सांगायचा तर सलग 16 विजय, मग ड्यूककडे जाऊन 72-70 असा निसटता पराभव, घरी ड्यूककडूनच वर सांगितलेला तो दुसरा, आणि कॉन्फरन्सच्या (आमच्या गटातल्या विद्यापीठांच्या) स्पर्धेत उपांत्य फेरीत फ्लोरिडा स्टेटकडून 69-59. तिसऱ्या पराभवानं मला जास्त काळजी लागली होती. ड्यूकनं लांबून टाकून हरवलं. फ्लोरिडा स्टेटनं ताकदीनं, अंगावर येऊन. राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच सामन्यात सोळाव्या मानांकित गार्डनर-वेबविरुद्ध आम्ही 14 नं मागं होतो. गावानं श्वास रोखला होता. शेवटी 71-56.

पुणे: राग मानू नका, पण 2019 चं विजेतेपद निव्वळ नशिबाचं होतं. पर्ड्यू, ऑबर्न, टेक्सस टेक, तीनही सामने हरलेलेच होते.

राग कशाचा? हे त्या स्पर्धेतले आमचे शेवटचे तीन सामने, आणि तीनहींत शेवटच्या मिनिटात आम्ही मागं होतो, हे खरंच आहे.

पर्ड्यूच्या कार्सन एडवर्ड्सनं 42 पॉइंट काढले, दहा थ्री-पॉइंटर. तोच कमानीचा तोटा. 5.9 सेकंद राहिले असताना जेरोमचा दुसरा फ्री थ्रो चुकला. डियाकिटेनं बॉल मागं टोलवला, क्लार्क तो पकडायला पार आपल्या हाफमध्ये पळाला, आणि तिथून जवळ उभ्या असलेल्याला न देता त्यानं थेट पुढं डियाकिटेला लांब पास दिला. भोंग्याबरोबर शॉट आत, 70-70, ओव्हरटाइममध्ये 80-75. यातला टोलवलेला बॉल नशीब म्हणा. पास नशीब नाही.

ऑबर्नच्या सामन्यात दहाची आघाडी पाच मिनिटांत घालवली. त्यांनी सलग 14 पॉइंट काढले. शेवटी 0.6 सेकंद शिल्लक असताना गायला फाउल मिळाला, त्यानं तीनही फ्री थ्रो टाकले, 63-62. त्याआधी जेरोमचा डबल ड्रिबल (ड्रिबल थांबवून पुन्हा सुरू करण्याची चूक) पंचांनी दिला नाही. मी व्हर्जिनियाची कट्टर चाहती आहे, तरी सांगते: ती शिट्टी वाजायला हवी होती. गायवरचा फाउल मात्र शंभर टक्के फाउल होता, त्यावर मी पुणेकरांशीही वाद घालायला तयार आहे.

अंतिम सामन्यात हंटरनं साधारण 12 सेकंद उरले असताना कोपऱ्यातून बरोबरी साधली आणि ओव्हरटाइममध्ये 85-77. त्याचे 27 पॉइंट सगळ्यांना आठवतात. मला आठवतं ते त्यानं टेक्सस टेकच्या जॅरेट कल्व्हरला 22 पैकी 5 वर रोखलं ते. ओव्हरटाइममध्ये संघानं 12 पैकी 12 फ्री थ्रो टाकले. याला नशीब म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण मी वर जे गणित मांडलं ते इथंही लागू आहे: कमी पझेशन म्हणजे सामने शेवटच्या चेंडूवर येणार. 2018 मध्ये ते आमच्यावर उलटलं, 2019 मध्ये आमच्या बाजूनं पडलं. एकाला नामुष्की आणि दुसऱ्याला पराक्रम म्हणायचं असेल तर दोन्हीला एकच मोजपट्टी लावा.

नागपूर: मी शाळेच्या मुलींना शिकवते. पॅक-लाइन शिकवू का?

माझ्या माहेरचा प्रश्न, तेव्हा सविस्तर. बचाव शिकवा, संथ आक्रमण नको. तुमच्याकडे फिबाचे (आंतरराष्ट्रीय महासंघाचे) नियम: शॉट क्लॉक 24 सेकंद. पंचवीस सेकंद बॉल फिरवायची सोयच नाही. थ्री-पॉइंटची रेषा 6.75 मीटरवर आहे, 2019 च्या कॉलेज खेळात ती 6.32 वर होती. म्हणजे कमानीपासून बाहेर धावायचं अंतर तुमच्या मुलींना जास्त पडेल. पण शाळेच्या वयात तिथून भरवशानं टाकणाऱ्या किती? संघात एखादी. तिच्यावर कमान सोडून चिकटून राहणारी मुलगी ठेवा, बाकी चौघी आत. आधी महिनाभर नुसते क्लोज-आउट घ्या, बॉलशिवाय. आणि पास हवेत असतानाच सरकायला शिकवा. पास हातात पडल्यावर सरकलेली मुलगी नेहमी उशिरा पोचते. प्रत्येकीनं तोंडानं ओरडून सांगायचं, "बॉल माझा", "मदत आहे". आपल्या मुली कोर्टवर गप्प राहतात, ही माझी जुनी तक्रार.

डोंबिवली: आता तो संघ कसा आहे?

2019 नंतर गाय, जेरोम, हंटर तिघेही एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (खेळाडूंच्या निवडीत) गेले आणि उरला तो नुसता बचाव. थ्री-पॉइंटची रेषा मागं सरकली, नेमबाज कमी झाले, पण वेग तोच. 2021 मध्ये ओहायोकडून पहिल्या फेरीत हार. 2023 मध्ये फर्मनकडून 68-67. शेवटच्या क्षणी बॉल फेकून देणारा खेळाडू होता किहाय क्लार्क, 2019 चा तो पास देणारा. 2024 मध्ये कोलोराडो स्टेटविरुद्ध सगळ्या सामन्यात मिळून 42 पॉइंट. दर शंभर पझेशनचं आक्रमण ढासळलं की संथपणाला काही अर्थ उरत नाही. पद्धत बदलायची वेळ 2021 मध्येच आली होती असं माझं मत आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये, मोसम तोंडावर असताना, बेनेट निवृत्त झाले. 2025 मध्ये नवा कोच आला रायन ओडम. हे गृहस्थ 2018 च्या त्या रात्री यूएमबीसीचे कोच होते. लहानपणी ते इथंच बॉल उचलून द्यायचे, वडील व्हर्जिनियाचे सहायक कोच होते. ओडमचा संघ लांबून भरपूर टाकतो. गावातल्या जुन्या लोकांना ते पचायला वेळ लागतोय, मला नाही.

कोल्हापूर: अंतिम सामना भारतात किती वाजता दिसतो?

इथं सोमवारी रात्री नऊच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे तुमच्याकडे मंगळवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास. एप्रिलमध्ये फरक साडेनऊ तासांचा धरा. ओव्हरटाइम झाला तर ऑफिसला उशीर होईल, साहेबांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.