पुअर चहा : कच्चा की पिकवलेला?

प्रश्न : ऑनलाइन पुअर चहा पाहिला तर 'रॉ' आणि 'राइप' असे दोन प्रकार दिसतात, किंमतही साधारण सारखीच. आमच्याकडे दूध-साखरेचा कडक चहा चालतो. ग्रीन टी आणला होता, तो कुणालाच आवडला नाही. दोन्हींतला कोणता घ्यावा? (पुणे)

राइप, म्हणजे पिकवलेला. मात्र एकदम दाबलेल्या चहाची ३५७ ग्रॅमची अख्खी चकती मागवू नका. २५-५० ग्रॅमचा नमुना पुरे.

चीनच्या युन्नान प्रांतात मोठ्या पानाची जी जात पिकते, तिच्यापासूनच हे दोन्ही चहा होतात. आसाम चहाची जात तीच. पानं कोमेजवायची, मोठ्या लोखंडी कढईत परतायची, मळायची आणि उन्हात वाळवायची, इथपर्यंत दोघांची कृती एक. ही पानं वाफवून दाबली की 'शंग', म्हणजे कच्चा पुअर तयार. पानं भट्टीत न वाळवता उन्हात वाळवलेली असल्यामुळे चकती पुढं वर्षानुवर्षं बदलत राहते. नव्या शंगचा रंग पिवळसर, चव कडू आणि तुरट. घोट गिळल्यावर घशाशी गोडसरपणा येतो तो वेगळाच. ज्या घरात ग्रीन टी मागे पडला, तिथं नवा शंगही बहुधा मागेच पडेल.

'शौ'मध्ये, म्हणजे पिकवलेल्या पुअरमध्ये, मात्र पानं दाबण्याआधी त्यांचा ढीग रचतात, पाणी शिंपडतात आणि कापडानं झाकतात. आंब्याची अढी डोळ्यांसमोर आणा, फक्त इथं काम बुरशी आणि जिवाणूंचं. ढिगाच्या पोटात ५०-६० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता चढते. तो अधूनमधून उलथावा लागतो आणि दीड-दोन महिन्यांत तुरटपणा जवळजवळ निघून जातो. उलथायला उशीर झाला तर आतली पानं करपल्यासारखी काळी होतात आणि चहा पाणचट लागतो. ही पद्धत १९७३च्या सुमारास कुनमिंगच्या चहा कारखान्यात बसवली गेली. शौचा रंग काळपट तांबडा, वास ओल्या मातीचा किंवा जुन्या लाकडाचा. कडक चहाची सवय असलेल्या जिभेला तो परका वाटत नाही, थोडं दूधही त्यात खपून जातं. हाँगकाँगला डिमसमबरोबर, म्हणजे वाफवलेल्या छोट्या खाद्यपदार्थांबरोबर, हा चहा सर्रास पितात, बरेचदा शेवंतीची सुकी फुलं घालून.

शंगला शौपेक्षा वरच्या दर्जाचा मानणारे बरेच भेटतील. दर्जा पानावर आणि कारागिरीवर ठरतो. वाईट शंगही भरपूर विकला जातो.

प्रश्न : राइप घेतला, पण त्याला मासळीसारखा वास येतो. खराब निघाला का? (ठाणे)

नवा माल असेल तर नाही. तो ढिगाचा वास आहे. चकती हातानं सुटी करा, चिनीमातीच्या बरणीत भरा, तोंडावर सुती फडकं बांधा आणि दोन-तीन आठवडे कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात मात्र हे करू नका. चहा करताना पहिली दोन पाणी टाकून द्या : उकळतं पाणी ओता, पाच सेकंदांत काढा. एवढं करूनही चहा आंबट लागला तर पिकवण्यातच चूक झालेली असते, ती घरी सुधारत नाही.

प्रश्न : रॉ पुअर एक चमचा घालून पाच मिनिटं उकळला. तोंडात धरवेना इतका कडू झाला. (नाशिक)

होणारच. नवा शंग उकळायचा नसतो. त्यात चमच्याच्या मापानंही घात होतो, कारण दाबलेल्या चहाचा एक चमचा कधी दोन ग्रॅम भरतो, कधी पाच. वजनकाटा वापरा.

१०० मिलिलिटरच्या झाकणाच्या वाटीत ५ ग्रॅम चहा घ्या. पाणी उकळून मिनिटभर थांबा, म्हणजे ते ९० अंशांच्या आसपास येईल. पहिलं पाणी टाकून द्या. मग पाणी ओतून दहा सेकंदांत सगळंच्या सगळं गाळून घ्या. तळाशी दोन चमचे पाणी राहिलं तरी पुढचा कप कडू होतो. बहुतेकांचं नेमकं इथं चुकतं. तिसऱ्या-चौथ्या पाण्यापासून दर वेळी पाच-दहा सेकंद वाढवा. सात-आठ कप सहज निघतात. वाटी नसेल तर मोठ्या मगात २५० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम, दोन मिनिटं, आणि गाळून घ्या.

चकती फोडतानाही लक्ष हवं. सुरी वरून खुपसली की पानांचा चुरा होतो, आणि चुरा लगेच कडूपणा सोडतो. बोथट टोक कडेनं आडवं घाला, हलकेच उचला, पापुद्रे सुटतात. टोक स्वतःच्या हाताकडे नको.

शौला यातलं फारसं लागत नाही. पाणी उकळतंच घ्या, वेळ थोडी चुकली तरी बिघडत नाही.

प्रश्न : शंग जितका जुना तितका चांगला म्हणतात. दोन चकत्या घेऊन दहा वर्षं ठेवू का? (रत्नागिरी)

कोकणात उघड्यावर ठेवून नाही. या चहाला ६०-७० टक्के आर्द्रता मानवते. तुमच्याकडे पावसाळ्यात ती ८५च्या वर जाते आणि बुरशी धरते. जून ते सप्टेंबर चकत्या हवाबंद जाड पिशवीत ठेवा, आत लहान आर्द्रतामापक टाका. मसाल्याचं कपाट, देवघर आणि फ्रिज तिन्ही टाळा, चहा वास ओढून घेतो.

चकतीवर पांढरट-सोनेरी लव दिसली तर आधी भिंगातून पाहा. कोवळ्या कळ्यांची लव पानाला चिकटून, एका दिशेनं असते. बुरशी कापसासारखी वर उभी राहते, बोटाला लागते आणि कुबट वास मारते. तशी चकती सगळीच टाका, वरून खरवडून पिऊ नका.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, चकतीवरचा '७५७२' हा आकडा म्हणजे १९७५चा माल. खरं का? (मुंबई)

नाही. पहिले दोन आकडे मिश्रण कोणत्या वर्षी ठरलं ते सांगतात, तिसरा पानाची प्रत, चौथा कारखाना. २ म्हणजे मेंघाई. माल कधीचा ते वेष्टनावरच्या उत्पादन तारखेवरून पाहा. आणि कुणी १९६०चा शौ दाखवला तर घेऊ नका. तेव्हा शौ अस्तित्वातच नव्हता.