वाचकांचे प्रश्न : क्रूझरचा सायलेन्सर बदलताना

प्रश्न : माझी ३४९ सीसीची मीटिऑर ही क्रूझर (ऐसपैस बसून लांब प्रवास करायची मोटारसायकल) दोन वर्षांची झाली असून वॉरंटी अद्याप शिल्लक आहे. गाडीचा मूळ आवाज मला फार दबलेला वाटतो. दुकानदाराने तीन पर्याय दाखवले : एक आखूड स्लिप-ऑन (मूळ नळीवर सरकवून बसवायचा फक्त मागचा सायलेन्सर), दुसरा काढता येणाऱ्या डीबी किलरसह (तोंडात बसणारा, आवाज दाबणारा भाग) लांब स्लिप-ऑन आणि तिसरा बेंड पाइपसकट (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतची नळी) संपूर्ण संच. तिन्हींमुळे पिकअप वाढेल, मॅपिंग (इंजिनाच्या संगणकातील पेट्रोलच्या प्रमाणाची फेरजुळणी) करावे लागणार नाही, पीयूसी निघेल आणि डीबी किलर लावला की पोलीस अडवणार नाहीत, असे तो म्हणतो. यांतला कोणता घ्यावा?
(एक वाचक, कासारवडवली, ठाणे)

उत्तर : दुकानदाराच्या चार दाव्यांपैकी पीयूसीचा दावा तेवढा बराचसा खरा आहे, पण त्यावर विसंबून काही उपयोग नाही. पीयूसी केंद्रावर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांचे प्रमाण तपासतात; आवाज तेथे मोजलाच जात नाही. त्यामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) शाबूत असलेली, पण कानठळ्या बसवणारी गाडीही प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडते आणि कापूरबावडीच्या नाक्यावर आवाजासाठीच पकडली जाते.

१७५ सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलींसाठी आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार ध्वनी व वायू प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि त्याखेरीज तीन महिने लायसन्स अपात्र ठरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे कलम १८२-अ मालकाने केलेल्या नियमबाह्य फेरफारासाठी वेगळी शिक्षा सांगते : प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. डीबी किलर बसवलेला असणे हा या कलमांपुढे परवाना ठरत नाही. आयात केलेल्या काही सायलेन्सरांवर वर्तुळातील ‘ई’ हे अक्षर कोरलेले असते. ती विशिष्ट मॉडेलसाठी दिलेली युरोपीय मान्यता असून आपल्या रस्त्यावर ती दाखवून सुटका होत नाही. शिवाय असा शिक्का कोणालाही कोरता येतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुकानात मोबाइलवरचे ॲप दाखवून ‘बघा, ७८ च येतात’ असे सांगितले जाते, त्यावर विश्वास ठेवू नये. प्रमाणित चाचणी गाडी जागेवर उभी असताना होत नाही. गाडी ठरावीक वेगाने आत येते, पूर्ण थ्रॉटल देऊन पुढे जाते आणि तिच्या मार्गापासून ७.५ मीटर अंतरावर ठेवलेला मायक्रोफोन आवाज टिपतो. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की मोजमाप साधारण ६ डेसिबलने वाढते. म्हणजे चाचणीत ८० ला उत्तीर्ण होणारी मूळ गाडीही दोन मीटरवरून मोजली तर नव्वदीपार दिसेल, आणि उलट जागेवर नुसते इंजिन चालू ठेवून मोजलेली बेकायदा गाडीही सज्जन वाटेल. दुकानातला तो आकडा त्यामुळे खरेदीच्या बाजूनेही पुरावा नाही आणि विरुद्धही नाही.

आता पिकअपबद्दल. आपल्या इंजिनाची कमाल ताकद ६,१०० आरपीएमला सुमारे २० बीएचपी आणि टॉर्क (चाक फिरवणारा जोर) ४,००० आरपीएमला २७ न्यूटन मीटर आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८५.८ मिलिमीटर, म्हणजे हे लांब स्ट्रोकचे इंजिन आहे, आणि त्याचा सारा जीव खालच्या आरपीएममध्ये आहे. ‘इंजिनाला थोडे बॅक प्रेशर लागतेच’ असे गॅरेजमध्ये छातीठोकपणे सांगतात, ते तसे नाही. इंजिनाला अडथळा नको असतो, त्याला वायूचा वेग हवा असतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच नळीतून दाबाची एक लाट धावत जाते. नळी जेथे अचानक रुंद होते तेथून ती कमी दाबाची लाट होऊन परतते. दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असताना ती परत पोहोचली, तर सिलिंडरमधला उरलेला जळका वायू ओढून घेते आणि ताज्या मिश्रणाला जागा करून देते. नळीची लांबी व व्यास बदलला की ही वेळ चुकते. आखूड आणि रुंद नळीने वरच्या आरपीएमला कदाचित थोडा लाभ होईल, परंतु घोडबंदर रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळिसाच्या वेगाने, मागे सामान आणि माणूस घेऊन जाताना जो टॉर्क आपण रोज वापरता, तोच नेमका कमी होतो. आवाज वाढला की गाडी जोरात धावते असा कानाचा समज होतो. घड्याळ लावून पाहिले तर बहुतेक वेळा फरक नगण्य निघतो. म्हणून आखूड स्लिप-ऑन मी पहिल्याच फेरीत बाद करीन.

संपूर्ण संचाबाबत माझे मत त्याहून कडक आहे. कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापल्यावरच काम करू लागतो, म्हणून १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषण मानकांच्या अनेक गाड्यांत तो इंजिनाजवळ, बेंड पाइपमध्येच बसवलेला असतो. बाजारातल्या संचांत बहुधा तो नसतोच. बेंड पाइपवरील ऑक्सिजन सेन्सरची जागाही महत्त्वाची आहे. संथ, स्थिर वेगात ईसीयू (इंजिनाचा संगणक) या सेन्सरकडे पाहून पेट्रोलचे प्रमाण सुधारत राहते, परंतु थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर ते आपल्या ठरलेल्या मॅपवर चालते. सायलेन्सर फार मोकळा झाला तर अशा वेळी मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते), इंजिन जास्त तापते आणि मॅपिंग करून घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणजे ‘मॅपिंग लागत नाही’ हा दावा मूळ बेंड पाइप आणि कन्व्हर्टर तसाच ठेवून बसवलेल्या, बेताच्या स्लिप-ऑनपुरता मान्य करता येईल. तिसऱ्या पर्यायाला तो लागू नाही.

उरला दुसरा. माझा खरा सल्ला विचाराल तर वॉरंटी संपेपर्यंत मूळ सायलेन्सर राहू द्यावा, कारण पुढे सेन्सर किंवा इंजिनाची तक्रार निघाली तर सर्व्हिस सेंटर प्रथम या बदलाकडे बोट दाखवील, आणि विम्याच्या दाव्यातही न कळवलेला बदल वादाचे निमित्त होतो. तोवर आपल्या मॉडेलसाठी, आपल्याच देशात रस्त्यावर वापरण्यास योग्य असा सायलेन्सर कंपनीच्या ॲक्सेसरींत आहे का, हे डीलरकडून लेखी घ्यावे. तोंडी उत्तरावर जाऊ नये. तसा मिळाला तर बाकीची चर्चाच संपली.

बाहेरचा घेण्याची वेळ आलीच, तर वरची कलमे त्यालाही लागू आहेत हे गृहीत धरून तो हातात घेऊन पाहावा. मागच्या तोंडातून मोबाइलचा टॉर्च मारला आणि पुढच्या टोकाचा उजेड आरपार दिसला, तर आत छिद्रांची सरळ नळी आहे. त्या छिद्रांमागे काचलोकर किंवा स्टील वूल घट्ट भरलेली दिसली पाहिजे, कारण नळी आवाज शोषत नाही, तो हा भराव शोषतो. तो जळत आणि उडत जातो, त्यामुळे नवा असताना भारदस्त वाटणारा सायलेन्सर काही काळाने फाटक्या आवाजात ओरडू लागतो; रिव्हेट काढून भराव बदलता येतो का, हे तेव्हाच विचारावे. आत उजेड न दिसता आडवे पडदे दिसले तर तो कप्प्यांचा सायलेन्सर आहे. तो वजनदार असतो, पण खोल आवाज हवा असेल तर क्रूझरला तोच शोभतो, आणि त्याचा आवाज वर्षानुवर्षे फारसा बदलत नाही. आपल्याला वस्तुतः मोठा आवाज नको आहे, खालच्या पट्टीतला हवा आहे, असे आपल्या पत्रावरून वाटते. या दोन गोष्टी निराळ्या आहेत आणि दुकानात नेमकी त्यांचीच गल्लत होते.

त्यानंतर ब्रॅकेट पाहावे. ते मूळ भोकांत, रबरी बुशसह बसले पाहिजे. नुसत्या क्लँपवर लोंबणारा सायलेन्सर बेंड पाइपचा जोड तोडतो. गाडीखालची मोकळी जागा मूळची १७० मिलिमीटर आहे, ती कमी होता कामा नये. मागे बसणाऱ्याला फूटरेस्टवर पाय ठेवायला सांगून टाच नळीला लागते का, हेही तेथेच पाहून घ्यावे.

आणि शेवटची चाचणी आपल्या इमारतीच्या पोडियम पार्किंगमध्ये करावी. सकाळी थंड इंजिन सुरू झाल्यावर काही वेळ वाढलेल्या आरपीएमवर चालते, आणि काँक्रीटच्या छताखाली खालच्या पट्टीतला आवाज घुमून वरच्या मजल्यांपर्यंत जातो. पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या शयनगृहात उभे राहून तो ऐकण्याची त्यांची परवानगी मिळाली, तर निर्णय करणे सोपे जाईल.

प्रश्न : माझ्या ६५० सीसीच्या दोन सिलिंडरच्या क्रूझरला दोन्ही बाजूंचे स्लिप-ऑन लावल्यापासून थ्रॉटल सोडताच फटफट असे बार होतात. पाम बीच रस्त्यावर सिग्नल जवळ आला की लोक वळून पाहतात. शिवाय एका पावसाळ्यातच जोडावर गंज आला आहे. मॅपिंग करावे का?
(एक वाचक, सीवूड्स, नवी मुंबई)

उत्तर : मॅपिंगचा खर्च करण्यापूर्वी जोड तपासावा. थ्रॉटल बंद झाल्यावर न जळलेले थोडे पेट्रोल सायलेन्सरमध्ये पोहोचते. जोडाच्या फटीतून बाहेरची हवा आत शिरली की ते तापलेल्या नळीत पेट घेते आणि बार होतो. इंजिन थंड असताना सुरू करून, हाताला जाड मोजा घालून मागचे तोंड क्षणभर बंद करावे : बेंड पाइपच्या जोडाशी फुसफुस ऐकू आली तर गॅस्केट (जोडाची फट बंद करणारी कडी) किंवा क्लँपचा दोष आहे. जुना गॅस्केट पुन्हा वापरला असेल तर तो बदलावा, कारण एकदा दबलेला गॅस्केट पुन्हा नीट बसत नाही. दोन्ही बाजू तपासाव्यात. गळती नसतानाही बार होत राहिले, तरच मॅपिंगकडे वळावे. नळीवर आलेल्या निळसर-पिवळ्या छटेने घाबरू नये. तापलेल्या स्टीलवर ती येतेच.

गंजाचे मूळ बहुधा धातूत आहे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफही तयार होते, आणि छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरेसा तापत नसल्याने ती आतच पाणी होऊन साचते. त्यात खाडीकाठची खारी हवा. क्रोम केलेले साधे पोलाद वेल्डिंगच्या रेषेवर आधी हार मानते, ४०९ दर्जाचे स्टेनलेस स्टील वरून तपकिरी पडते आणि ३०४ दर्जाचे सर्वांत जास्त टिकते. खालचे निचऱ्याचे बारीक छिद्र चिखलाने बुजलेले नाही ना, तेवढे पावसाळ्यात दर धुलाईला पाहावे.

प्रश्न : भावाने २२० सीसीची जुनी क्रूझर घेतली. तिला बाहेरचा सायलेन्सर आहे आणि मूळचा विक्रेत्याकडे नाही. भंगार बाजारात स्वस्तात मिळतो, तो घ्यावा का?
(एक वाचिका, कोपरखैरणे)

उत्तर : शक्यतो घेऊ नये. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमसारखे मौल्यवान धातू असल्याने जुन्या सायलेन्सरातून तो काढून घेऊन वरून पुन्हा वेल्डिंग केलेले असण्याची शक्यता असते. वजन अपेक्षेपेक्षा कमी लागणे आणि अंगावर नवी वेल्डिंगची रेष असणे, या त्याच्या खुणा. एकाच नावाच्या गाडीचे बीएस-४ आणि बीएस-६ साठीचे सायलेन्सरही वेगळे असतात, म्हणून भावाने आरसीवरील चासिस क्रमांक अधिकृत स्पेअर पार्टच्या दुकानात दाखवून त्याप्रमाणेच भाग मागवावा. गाडी नावावर करून घेण्यापूर्वी तिच्या नोंदणी क्रमांकावर आवाजाचे किंवा इतर कोणतेही ई-चलान थकलेले आहे का, हे पाहावे आणि असल्यास ते विक्रेत्याकडून भरून घ्यावे.